मुंबई-पुण्याची चहागृहे : एक उपेक्षित इतिहास

इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या मार्गावर खातेगांव लागते. तेथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर नेमावर, नेमावरला नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे हरद्याचे रेल्वे-स्थानक. माळव्यातील या भागातली मराठी कुटुंबे लग्नकार्यासाठी, परीक्षांसाठी, संमेलनांसाठी वा नुसत्या आप्तांच्या भेटीसाठी मुंबई-पुण्याकडे निघाली, म्हणजे नदी ओलांडून हरद्यास गाडी पकडण्याचा त्यांचा परिपाठ. अशा प्रवासाचा पहिला टप्पा बहुधा रस्त्याकाठच्या चहाच्या दुकानाशी संपतो. बाकावर शेतकरी असतो, मालमोटारीचा चालक असतो, शाळामास्तर असतो. कोणी कोणास जात विचारत नाही, आणि एकाच किटलीतला चहा सर्वांच्या पेल्यांत पडतो. हे दृश्य आज इतके सामान्य झाले आहे की त्यालाही इतिहास असेल, आणि तो इतिहास कष्टाने घडलेला असेल, ही शंकादेखील आमच्या मनास शिवत नाही.

मुंबई-पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यास किंवा शिक्षकास आम्ही पाहण्याजोग्या स्थळांची यादी देतो, तेव्हा तीत देवळे असतात, किल्ले असतात, वस्तुसंग्रहालये असतात. चहागृहाचे नाव त्यांत नसते. खाण्यापिण्याची जागा ही पोटाची सोय; तिला ऐतिहासिक स्थळ म्हणावयाचे म्हणजे अतिशयोक्ती, असा आमचा समज. प्रस्तुत लेखात या समजाची थोडी तपासणी करावी आणि काही जुनी-नवी चहागृहे वाचकांच्या नजरेस आणून द्यावीत, असा आमचा हेतू आहे.

युरोपातील लोकांनी या बाबतीत आमच्यासारखी उपेक्षा केलेली नाही. लंडनमध्ये पहिले कॉफीगृह १६५२ साली निघाले. पुढे तेथे इतकी राजकीय खलबते होऊ लागली की दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला; पण लोकक्षोभ एवढा झाला की तो अंमलात येण्यापूर्वीच त्यास मागे घ्यावा लागला. एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक आणि विमा उतरविणारे जमत. त्याच बैठकीतून लॉइड्स ही जगप्रसिद्ध विमासंस्था उदयास आली. पॅरिसमधील प्रोकोप १६८६ चे, व्हेनिसमधील फ्लोरियन १७२० चे. व्हिएन्नातील कॅफे सेंट्रल १८७६ साली उघडले आणि पहिल्या महायुद्धापूर्वी ट्रॉट्स्कीसारखा निर्वासित तेथे बसून बुद्धिबळ खेळत असे. व्हिएन्नातील कॉफीगृहांची परंपरा ऑस्ट्रियाने २०११ साली आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत रीतसर नोंदविली. त्या शहरात येणारा प्रवासी राजवाडा पाहतो तितक्याच आदराने कॉफीगृह पाहतो.

आमच्याकडील चहागृहांना इतका जुना काळ लाभला नाही, हे खरे. परंतु युरोपातील कॉफीगृहापुढे जो प्रश्न कधी उभाच राहिला नाही, तो आमच्या चहागृहापुढे पहिल्या दिवसापासून उभा होता. तेथे प्रश्न होता तो काय बोलावे याचा. येथे प्रश्न होता तो कोणाबरोबर, कोणाच्या हातचे आणि कोणाच्या पेल्यातून प्यावे याचा. या दृष्टीने पाहिले तर आमच्या चहाच्या मेजाचा इतिहास हा आमच्या सार्वजनिक जीवनाच्या जन्माचाच इतिहास होय.

त्याचा आरंभ आम्ही १८९० सालापासून धरतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर मिशनऱ्यांनी आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेविली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणि पुण्यातील इतरही अनेक प्रतिष्ठित गृहस्थ होते. कोणी पेला तोंडास लाविला, कोणी केवळ शिष्टाचार म्हणून हाती घेतला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केली आणि सनातनी पुणे खवळून उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, ग्रामण्य उभे राहिले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे आपल्या स्नेह्यांची कुचंबणा टाळण्याकरिता प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाची जी हकीगत दिली आहे, ती वाचताना एका चहाच्या पेल्याने किती घरांतील स्वास्थ्य हिरावून घेतले याची कल्पना येते. देशातील अग्रगण्य विद्वानांना परधर्मीयाच्या घरचा चहा पचविणे जेथे दुरापास्त होते, तेथे सामान्य माणसाची काय कथा?

दुसरा प्रसंग कोल्हापूरचा, आणि तो याहून फार मोलाचा आहे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी चाकरीस होते. उच्चवर्णीय नोकरांच्या पाण्याच्या हौदास शिवल्याच्या आरोपावरून त्यांना निर्दय मारहाण झाली. महाराजांनी अपराध्यांना शासन केले. परंतु तेवढ्यावर न थांबता गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य केले. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे दुकान उघडले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम; पण महाराच्या हातचा चहा पिण्यास गिऱ्हाईक येईना. हे कळताच महाराज स्वतः आपल्या गाडीतून लवाजम्यासह त्या दुकानापुढे येऊन थांबू लागले. स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींनाही तो घ्यावयास लावीत. छत्रपतींनी दिलेला पेला नाकारणार कोण? सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे महाराजांचे हुकूम १९१९ सालचे आहेत. हुकूम आणि चहा या दोहोंपैकी कशाचे कार्य अधिक झाले असेल, हे सांगणे कठीण आहे. हुकुमाने माणूस दार उघडतो. एका मेजावर बसून पेला रिकामा करणे ही त्यापुढची पायरी आहे, आणि ती चढावयास स्वतःचे पाऊल उचलावे लागते.

या दोन प्रसंगांची पार्श्वभूमी लक्षात घेतली, म्हणजे मुंबईतील इराण्याच्या हॉटेलाचे महत्त्व ध्यानी येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातील यझ्द व करमान या प्रांतांतून जरथुश्त्री कुटुंबे मुंबईस येऊ लागली. शतकानुशतके आधी येऊन गुजरातेत स्थिरावलेल्या पारशांहून ही मंडळी निराळी. त्यांना लोक इराणी म्हणूनच ओळखू लागले. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळीत आणि म्हणून ती इराण्यास सहज मिळे, असे सांगतात. कारण काही असो, कोपऱ्यावरच्या जागेस दोन बाजूंनी दारे, दोन बाजूंनी उजेड आणि दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईक मिळाले. आत संगमरवरी पाटाची मेजे, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे, गल्ल्यावर बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. ही खुर्ची मूळची व्हिएन्नाची. मायकेल थोनेट याने १८५९ साली वाफेने लाकूड वाकवून जी चौदा क्रमांकाची खुर्ची तयार केली, तिने युरोपातील कॉफीगृहे भरून टाकली आणि तिच्याच वंशातल्या खुर्च्या मुंबईच्या इराण्याकडे येऊन बसल्या. युरोपच्या कॉफीगृहाशी आमचे एवढे तरी सोयरसंबंध आहेत!

परंतु त्या खुर्चीवर बसणारा माणूस येथे नवा होता. इराणी हा हिंदूंच्या जातिव्यवस्थेबाहेरचा. त्याला गिऱ्हाइकाची जात ओळखता येत नव्हती आणि ओळखण्याची गरजही वाटत नव्हती. पैसे दिले की चहा, मस्का लावलेला बन किंवा कडक ब्रून पाव, हा त्याचा साधा व्यवहार. गिरणीतून सुटलेला कामगार, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी, बेकार नट, गरीब कवी हे सर्व त्याच्या मेजावर येऊन बसले. कोठल्याही सुधारकाने त्यांना उपदेश केला नव्हता. मेज अपुरी आणि गिऱ्हाइके पुष्कळ, म्हणून अनोळखी माणसासमोर बसणे भाग पडले. आणि भाग पडलेली गोष्ट हळूहळू सवयीची झाली. व्यापाराच्या सोयीने सुधारणेचे काम अजाणता केले, असे याचे वर्णन करावे लागेल.

यांपैकी काही हॉटेले आजही पाहावयास मिळतात. धोबी तलावाजवळील जेर महालात कयानी आणि कंपनी १९०४ पासून आहे. त्याच परिसरात १९१३ चे ससानियन आहे. इराणच्या प्राचीन सासानी राजवंशाचे नाव एका बेकरीच्या पाटीवर वाचताना इतिहासाच्या शिक्षकास कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. ग्रँट रोड स्थानकाजवळ १९१४ चे बी. मेरवान, त्याचा मावा केक प्रसिद्ध. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ चे ब्रिटानिया. इराणी झरिश्काची आंबट फळे घातलेला तेथील बेरी पुलाव खाण्यास लोक दूरदुरून येतात. ज्या बोमन कोहिनूर यांनी वृद्धपणीही मेजामेजाजवळ जाऊन पाहुण्यांची आपुलकीने विचारपूस केली, ते २०१९ साली निवर्तले. माटुंग्यास १९३२ चे कुलार आहे. कुलाब्यातील लिओपोल्ड १८७१ चे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी तेथे गोळीबार केला. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजविल्या नाहीत, आणि काही दिवसांतच दार पुन्हा उघडले. चार अनोळखी माणसांचे निर्भयपणे एकत्र बसणे ही काही द्वेष्ट्यांना केवढी असह्य गोष्ट वाटते, याची ती खूण आहे.

मुंबईची चहागृहे म्हणजे केवळ इराणी असे मात्र नव्हे. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली निघाले. चाळीत एकट्याने राहणाऱ्या मराठी चाकरमान्याला घरच्या चवीचे आणि स्वच्छ खाणे मिळावे, ही त्यामागील दृष्टी. गिरगावातील विनय हेल्थ होम १९४० चे. माटुंग्यात दक्षिणेकडील मंडळींनी १९४० साली कॅफे मद्रास आणि १९४२ साली रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. कॉफीचा खप वाढावा या हेतूने स्थापलेल्या समितीने पहिले इंडिया कॉफी हाऊस मुंबईतच, चर्चगेटला, १९३६ साली उघडले. पुढे १९५० नंतरच्या दशकात कॉफी मंडळाने ही कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालविण्यास घेतली. आमच्या मध्यप्रदेशातील इंडियन कॉफी हाऊस ही जबलपूरच्या अशाच कामगार-संस्थेची निर्मिती. तुरेवाला फेटा बांधून कॉफी आणून देणारा सेवक हा तेथे संस्थेचा सभासदही असू शकतो, ही गोष्ट कॉफी पिताना आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

पुण्यात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. डेक्कन जिमखान्यावरील १९३५ चे गुडलक हे इराणी परंपरेचे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या कित्येक पिढ्यांनी तेथे बन-मस्क्यावर वाद घातले. दुसरी परंपरा अमृततुल्याची. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी ती पुण्यात रुजविली. पितळेचे तकतकीत भांडे, त्यात एकत्र उकळणारे दूध, पाणी, साखर आणि चहा, वर कुटलेली वेलची वा सुंठ, आणि गाळण्यास फडके. चहा करणारा दर्शनी भागात उंचावर बसलेला, म्हणजे स्वच्छतेची साक्ष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे. बहुतेक पाट्यांवर देवदेवतांची नावे. नर्मदेश्वराचे नाव पाटीवर दिसले, म्हणजे नेमावरच्या सिद्धनाथाला हात जोडून निघालेल्या माळवी प्रवाशास परक्या पेठेत घरचे माणूस भेटल्यासारखे होते. येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. ब्राह्मणाच्या हातचा चहा म्हणून पुण्यातील सोवळ्या माणसालाही तो चालला; म्हणजे इराण्याने जातीचा प्रश्न बाजूस सारला, तर अमृततुल्याने तो प्रथम अंगाखाली घेतला. पण एकदा चहा रस्त्यावर आल्यावर पिणाऱ्याची जात विचारणे अमृततुल्यालाही परवडले नाही. दोन निराळ्या वाटांनी दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

या वर्णनावरून वाचकांची अशी समजूत होऊ नये की चहाच्या मेजाने सर्व भेद पुसून टाकले. तसे म्हणणे हे सत्याचा अपलाप होईल. महाराष्ट्रात काय किंवा माळव्यात काय, खेडोपाडीच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी निराळी कपबशी टांगलेली असे. ती त्याने स्वतःच उतरवावी, दुरून ओतलेला चहा घ्यावा, स्वतःच विसळावी आणि पुन्हा टांगून ठेवावी. स्वातंत्र्य आल्यावरही ही चाल कित्येक ठिकाणी दीर्घकाळ टिकली. स्त्रियांचीही कथा फारशी निराळी नव्हती. इराण्याच्या हॉटेलात कुटुंबासाठी आडोशाची खोली असे, ती सोयीची खरी. पण एकट्या स्त्रीने बाहेरच्या मेजावर बसून चहा मागविणे हे अनेक वर्षे धाडसच समजले जाई. मेज सर्वांचे झाले असे आम्ही म्हणतो, तेव्हा त्या सर्वांत कोण कोण नव्हते हेही सांगितले पाहिजे.

भारतीय संविधानाच्या शिल्पकारांना याची पूर्ण जाणीव होती. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. राष्ट्राच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचा नामनिर्देश करावा लागावा, यातच सर्व इतिहास आला. १९५५ साली अस्पृश्यता अपराध अधिनियमाने त्या हक्काच्या भंगास शिक्षा ठरविली. काळ्या घोड्याजवळील वेसाइड इन या जुन्या उपाहारगृहात बसून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाच्या मसुद्याचे काही काम केले, अशी एक आख्यायिका मुंबईत प्रचलित आहे. आख्यायिका ती आख्यायिका. परंतु लोकांना ती जपून ठेवावीशी वाटली, याला अर्थ आहे.

त्याच वेसाइड इनमध्ये खिडकीजवळच्या मेजावर बसून कवी अरुण कोलटकर समोरचा चौक वर्षानुवर्षे न्याहाळीत. तेथील भिकारी, कुत्री, झाडूवाल्या, सकाळची न्याहारी हे सर्व त्यांच्या इंग्रजी ‘काळा घोडा पोएम्स’ या संग्रहात आले; तो २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. वेसाइड इन त्यापूर्वीच बंद पडले होते. धोबी तलावावरील बास्तानी हे इराणी हॉटेल २००४ साली बंद झाले. इराण्याच्या हॉटेलातील सूचनाफलकांवर निस्सीम इझिकेल यांनी लिहिलेली इंग्रजी कविता त्याच्या स्मृतीशी निगडित आहे. जहांगीर कलादालनातील समोवार १९६४ साली सुरू झाले आणि २०१५ साली मिटले. चित्रकार, नाटककार, वृत्तपत्रकार यांची एक पिढी तेथे एका पेल्यावर तासन् तास बसली होती. या नाहीशा झालेल्या जागांत लिहिलेले वाङ्मय ग्रंथालयांत आहे; मात्र ते जेथे सुचले त्या मेजांची नोंद कोठे नाही.

नव्या काळातील चहा-कॉफीगृहांविषयी तुच्छतेने बोलण्याची एक रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात फोर्टमधील हॉर्निमन सर्कलजवळ एका अमेरिकन कंपनीने टाटांच्या भागीदारीत आपले भारतातील पहिले कॉफीगृह उघडले. तशा जागी एकटी तरुणी निःशंकपणे दोन तास बसून वाचते किंवा काम करते. तिच्या आजीस हे कोठल्याही हॉटेलात शक्य नव्हते. हा लाभ मोठा आहे. परंतु तेथील एका पेल्याच्या मोलात रोजंदारीवरच्या माणसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा जातो, हेही तितकेच खरे. पूर्वी दारावर जात उभी होती, आता किंमत उभी आहे. इराण्याचे वैशिष्ट्य हेच की त्याच्या दारावर दोहोंपैकी कोणीच नव्हते. नियतीचा विनोद असा की लंडनमध्ये २०१० साली डिशूम नावाचे उपाहारगृह निघाले ते मुंबईच्या इराणी हॉटेलाची प्रतिकृती म्हणून, आणि तेथे लोकांच्या रांगा लागतात. युरोपच्या खुर्च्या घेऊन आम्ही जे घडविले, ते युरोप आता आमच्याकडून उचलतो. आणि मूळ वास्तू मात्र आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून मिटत आहेत.

या वास्तू जतन करण्याची मागणी कोणी केली तर ती योग्यच आहे. तथापि हॉटेल हे अखेर धंद्यावर चालते, केवळ गौरवावर चालत नाही. मालकाच्या मुलांनी दुसरा व्यवसाय पत्करला, जागेचे भाव चढले, तर दार बंद होणारच. आमच्या हाती आहे ते नोंद करणे. आमच्या वाचकांत शिक्षक बहुसंख्य आहेत, म्हणून त्यांनाच आमची विनंती आहे. विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यास न्याल तेव्हा एक सकाळ कयानीत किंवा गुडलकमध्ये घालवा, आणि पंचहौदाचा चहा व गंगाराम कांबळ्यांचा चहा या दोन्ही हकीगती त्यांना त्या मेजावरच सांगा. आणि परत आल्यावर त्यांना आपल्याच गावी धाडा. खातेगांव, कन्नौद, देवास, धार यांपैकी प्रत्येक गावात पहिले चहाचे दुकान कोणी, कोठे आणि केव्हा काढले, तेथे कोण बसत असे, बाहेर उभे राहून कोणास प्यावे लागे, आणि वेगळी टांगलेली कपबशी कोणत्या वर्षी खाली उतरली, हे सांगणारी वृद्ध माणसे अद्याप आहेत. हा इतिहास कोणत्याही दफ्तरखान्यात मिळावयाचा नाही. तो त्या वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि त्यांच्याबरोबरच जाणार आहे. रस्त्याकाठच्या बाकावर एका किटलीतून सर्वांना चहा मिळतो, हे पाहून आजच्या मुलास काहीच नवल वाटत नाही, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ते नवल न वाटण्याजोगे कसे झाले, हे त्याला ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा आहे.